मी प्रयागबाई बोलून राहिली

१

सकाळी सही करायच्या आतच वानखेडे साहेबांनी माया रंगारीला केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला. तक्रार छापील होती आणि खाली सही नव्हती.

"वाचा," साहेब म्हणाले. "मोठ्यानं."

मायानं वाचलं. कन्हानच्या प्रयागबाई रुपराव वाडीभस्मे दिवाळीच्या आधी वारल्या. त्यांच्या नावाने 'सूचनापेटी'वर संक्रांतीनंतर सूचना दाखल झाली आहे. म्हणजे कन्हानमधून आलेल्या सगळ्या सूचना बनावट आहेत आणि त्या सगळ्या रद्द कराव्यात.

तिनं कागद उलटा करून पाहिला.

'सूचनापेटी' हे तिचंच लेकरू होतं. सरकार एखादा नियम करणार असलं की मसुदा प्रसिद्ध होतो, लोकांकडून हरकती मागवल्या जातात आणि त्या पाठवतात कोण, तर ज्यांच्याकडे वकील आहे ते. मसुदा कक्षात कक्ष अधिकारी म्हणून आल्यावर मायानं हट्ट धरून हे अ‍ॅप करवून घेतलं. लिहिता येत नसेल तर फोनमध्ये बोला. तुमचा आवाज हीच तुमची सूचना.

पहिलाच मोठा मसुदा होता कोळसा वाहतुकीचा. कोळशाचे ट्रक दिवसा वस्तीतून आणि शाळेजवळून जाऊ नयेत, असं त्यात एक कलम होतं. ट्रान्सपोर्टवाल्यांना ते कलम खटकत होतं आणि कन्हानच्या लोकांना तेच हवं होतं. कन्हानमधून सूचनांचा नुसता पाऊस पडला होता.

"सर, एका सूचनेपायी सगळ्या कशा रद्द करता येतील?"

"एक मेलेली बाई बोलली, तर उरलेले जिवंत आहेत हे कोण सांगणार?" वानखेडे साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या दुपारी ट्रान्सपोर्ट संघटनेचे मधुकरराव उमरेडकर येताहेत. ते हाच मुद्दा काढणार. त्याच्या आत मला सांगा, ही सूचना कोणी टाकली. नाही सांगू शकलात तर कन्हान बाजूला ठेवावं लागेल. आणि तुमचं अ‍ॅपसुद्धा."

माया बाहेर आली. चहा आला होता, त्यावर साय धरेपर्यंत ती खिडकीशी उभीच होती. मग तिनं ऋषिकेशला फोन लावला.

२

ऋषिकेश हा अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीचा पोरगा. पायात चप्पल, पाठीवर बॅग आणि बोलण्यात निम्मी हिंदी. त्यानं लॅपटॉप उघडला.

"मॅडम, तुमचा पासवर्ड टाका. साहेबांचापण लागेल. एकट्यानं नाव उघडत नाही."

हा नियम मायानंच घातला होता. सूचना वाचणाऱ्याला फक्त क्रमांक आणि गाव दिसावं, म्हणजे कोणाच्या नावाकडे पाहून कोणाचं वजन पडणार नाही. वानखेडे साहेब येऊन आपला पासवर्ड टाकून गेले. पडद्यावर नाव उमटलं आणि खाली एक तांबडी ओळ आली.

"हे काय?"

"काही नाही. हे नाव पहली बार उघडलं, एवढंच सांगून राहिलं." ऋषिकेशनं बटण दाबलं. "ऐका."

आधी कोंबड्यांचा आवाज आला, मग खोकल्याची लांब उबळ आणि मग एका म्हाताऱ्या बाईचा कोरडा, ठाम आवाज.

"मी प्रयागबाई बोलून राहिली, कन्हानवरून. ते सात नंबरचं कलम हाय ना तुमचं, दिवसा शायेजवळून ट्रक नाई जाणार म्हणून, ते ठेवजा. काढू नका. पोट्टे तोंडाले रुमाल बांधून शायेत जातेत. धुण्याची चादर वाळू घातली का काळी होते, अन् छातीत काय होत असन ते मले इचारा. माह्या घरच्यालेच राग येईन याचा. येऊ द्या. मी बोलली ते बोलली."

पुन्हा खोकला आला आणि मग शांतता.

माया ऋषिकेशकडे वळली. "हा आवाज खरा आहे?"

"वही तो प्रॉब्लेम आहे. आजकाल कोणाचाही आवाज मशीनमध्ये बनवता येते. फक्त सॅम्पल पाहिजे, थोडं जुनं रेकॉर्डिंग." ऋषिकेश जरा थांबला. "अन् कन्हानमधल्या बायांचं रेकॉर्डिंग कोणापाशी आहे, तुम्हाले माहीत आहे ना?"

मायाला माहीत होतं. कन्हानमध्ये गल्लोगल्ली बसून बायकांना अ‍ॅप शिकवणारी सोनिका. प्रत्येक बैठकीचा व्हिडिओ काढून ठेवायची तिची सवय होती. आणि सोनिकाला या कामावर नेमलं होतं मायानं.

३

सोनिका कन्हानच्या शाळेजवळच भेटली. माया गाडीतून उतरत नाही तोच एक ट्रक गेला. ताडपत्री अर्धी उडालेली, मागे काळ्या धुळीचा पट्टा. दोघींनीही ओढणीनं नाक झाकलं, आणि धूळ खाली बसेपर्यंत कोणी बोललं नाही.

मायानं आडवळण घेतलं नाही. "सोनिका, प्रयागबाईंचा आवाज तू बनवलास का?"

पोरगी आधी हसली. मग मॅडम गंमत करत नाहीत हे तिच्या लक्षात आलं.

"मी काहून बनवू? इथल्या एवढ्या लोकांनी खरं बोललं. त्यात एक खोटं टाकून सगळ्यांवर बोट दाखवायले जागा करू? अन् तेही मेलेल्या बाईच्या नावानं, जिच्या तिरडीमागं मी सोता गेली?" तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत. "मॅडम, त्यांनी मले दवाखान्यात सांगितलं होतं, बोलली मी तुह्या फोनच्या पेटीत. मी लॅपटॉपवर पाहिलं. कन्हानच्या आकड्यात त्या दिवशी एकही वाढला नव्हता. मले वाटलं, तापात बडबडून राहिल्या."

माया तिच्याकडे बघत राहिली. खोटं बोलणारा माणूस स्वतःला सोयीचं सांगतो. हे तर सोनिकाच्या गैरसोयीचं होतं.

वाडीभस्म्यांचं घर वस्तीच्या अगदी टोकाला, खाणीतून निघालेल्या मातीच्या ढिगाला टेकून होतं. वर पत्रे होते. मायानं फोन काढला तर रेघ एकही नव्हती.

"इथं नेट नाई येत," सोनिका म्हणाली. "ढीग आडवा येते."

रुपराव अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. मायानं आपण कोण ते सांगितलं आणि जपून विचारलं, "काका, तुम्हाले एक आवाज ऐकवू का? त्रास होईन कदाचित."

त्यांनी मान हलवली. प्रयागबाई बोलल्या, खोकल्या, थांबल्या. रुपरावांच्या मुठीतले दाणे तसेच राहिले आणि कोंबड्या पायांत घुटमळू लागल्या.

"तिचाच हाय," ते म्हणाले. "अजून एकडाव लावता?"

दुसऱ्यांदा ऐकत असतानाच आतून मुलगा बाहेर आला. अश्विन. इस्त्रीचा शर्ट, खिशाला कोळशाच्या ट्रकच्या डेपोचं ओळखपत्र. तो दारातच थांबला.

"हे कोणी बनवलं?" त्याचा आवाज गरजेपेक्षा चढलेला होता. "मेलेल्या माणसाले तरी सोडा न बाप्पा!"

"तुमच्या आईचा फोन कुठे आहे, अश्विनभाऊ?"

"फोन? तो तवाच बंद पडला. फेकून देला."

"कुठे फेकला?"

"आता कुठं म्हणजे? कचऱ्यात." त्यानं गाडीची किल्ली उचलली. "मले ड्युटी हाय."

तो गेला. रुपराव मायाला सोडायला गाडीपर्यंत आले. दार लावून घेताना त्यांनी काचेवर हात ठेवला.

"मॅडम, फोन फेकला नाई त्यानं. संक्रांतीच्या नंतर सीताबर्डीच्या बाजारात नेलता, दुरुस्त कराले."

४

परतताना कामठीच्या पुढे गाडी अडकली. पुढे कंटेनर आडवा झाला होता आणि सगळे एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. मायाला बसवेना. ती खाली उतरली, फिरून पुन्हा आत बसली आणि कानाला इयरफोन लावून तो आवाज ऐकू लागली. संशय आता अश्विनवर जात होता. पण अश्विननं बनवायचाच असता, तर स्वतःच्या डेपोविरुद्ध आवाज का बनवला असता? आईला ट्रकच्या बाजूनं बोलतं केलं असतं.

कोंबड्या. खोकला. 'ते सात नंबरचं कलम हाय ना तुमचं...'

मायानं रेकॉर्डिंग थांबवलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं.

ट्रकचं कलम आठव्या क्रमांकावर होतं. मसुदा तिच्या तोंडपाठ होता. सातवं कलम ताडपत्रीचं.

पण ते आधीपासून तसं नव्हतं. डिसेंबरात सुधारित मसुदा निघाला तेव्हा ताडपत्रीचं कलम नव्यानं मध्ये घातलं आणि ट्रकचं कलम सातवरून आठवर सरकलं. संक्रांतीनंतर कोणी आवाज बनवायला बसलं असतं, तर त्याच्यासमोर सुधारित मसुदा असता आणि त्याची प्रयागबाई 'आठ' म्हणाली असती. ही सात म्हणत होती. डिसेंबराच्या आधीचं बोलत होती.

प्रयागबाई जिवंत असताना बोलल्या होत्या.

तिनं ऋषिकेशला फोन लावला. मागे हॉर्न एवढे वाजत होते की तिला ओरडावं लागलं. "नेट नसताना अ‍ॅपमध्ये बोललं तर काय होतं?"

"फोनमध्येच थांबते. नेट मिळालं की आपोआप जाते."

"आणि तारीख कोणती लागते? बोलल्याची की पोचल्याची?"

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

"पोचल्याची," ऋषिकेश म्हणाला. "मॅडम... ये तो अपनी गलती है."

त्या अंगणात नेट नव्हतं. तिथे बसून बाईंनी आपलं म्हणणं सांगितलं आणि पोचलं असं समजून दवाखान्यात गेल्या. वाटेत नेट मिळायच्या आतच फोन बंद पडला असणार. महिन्यांनी सीताबर्डीच्या कुठल्यातरी दुकानात तो सुरू झाला, दुकानाचं वायफाय मिळालं आणि अडकलेलं बोलणं वाटेला लागलं.

म्हणजे बनावट काहीच नव्हतं. मायाला हायसं वाटायला हवं होतं, पण एक गोष्ट जुळेना. सूचना खरी होती, तर मग ती तक्रार कोणी लिहिली? सूचना वाचणाऱ्यांनासुद्धा नाव दिसत नाही. ते नाव पहिल्यांदा उघडलं ते तिनं, आणि तेही तक्रार आल्यावर. मग प्रयागबाईंची सूचना आली आहे हे त्याच्या आधी कोणाला कसं कळलं?

पुढचा कंटेनर हलला. मायानं ड्रायव्हरला सांगितलं, "ऑफिसला नका जाऊ. आधी मनीषनगरला, ऋषिकेशकडे."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठकीच्या खोलीत पाच माणसं बसली होती. वानखेडे साहेब, ऋषिकेश, सोनिका, ट्रान्सपोर्ट संघटनेचे मधुकरराव उमरेडकर, आणि त्यांच्यासोबत आलेला अश्विन. तो त्यांच्याच डेपोत मॅनेजर होता. माया उभी होती.

मधुकरराव दिलखुलास हसले. "मॅडम, लोकसहभाग आम्हालाही पाहिजे. पण जिवंत लोकांचा."

मायानं सात आणि आठचा उलगडा सांगितला. मग ऋषिकेशनं नेट बंद करून आपल्या फोनमध्ये दोन वाक्यं बोलून दाखवली, नेट सुरू केलं, आणि सूचना पोचल्याची तारीख कशी पडते ते सगळ्यांना पडद्यावर दाखवलं. वानखेडे साहेब पुढे झुकून बघत होते.

"कहाणी चांगली आहे," मधुकरराव म्हणाले. त्यांचं हसू मात्र आटलं होतं. "पण मला नाही पटत. सात म्हणायचं हे बनवणाऱ्यालाही सुचू शकतं. अन् मला एक सांगा, कोणती बाई असं बोलेल? माह्या घरच्यालेच राग येईन, येऊ द्या? स्वतःच्या पोराच्या डेपोविरुद्ध?"

 मायानं फक्त वानखेडे साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी सावकाश विचारलं, "मधुकरराव, हे रेकॉर्डिंग तुम्ही कधी ऐकलं?"

"म्हणजे... मॅडमनीच सांगितलं ना आत्ता."

"मी फक्त सात नंबरचं सांगितलं," माया म्हणाली. "रेकॉर्डिंग या खोलीत लावलेलंच नाही. तक्रारीतही हे शब्द नाहीत. आमच्याकडे ते मी ऐकलं, ऋषिकेशनं ऐकलं आणि काल रुपरावकाकांच्या अंगणात लावलं, पण तक्रार त्याच्याही आधी आली होती. त्याशिवाय ते एकाच ठिकाणी ऐकता येतं, ज्या फोनमधून गेलं त्या फोनवर. सूचना पोचली की त्याच फोनवर पोच येते आणि खाली आपलं बोलणं परत ऐकायचं बटण असतं. नाव, तारीख, बोलणं, सगळं माहीत असलेला माणूस एकच. ज्याच्या हातात तो फोन आहे."

कोणी अश्विनचं नाव घेतलं नाही. पण त्यानंच खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. जुना, कोपरे झिजलेला, मागे फुलांचं स्टिकर.

"मले तिचे फोटो पायजे होते," तो म्हणाला. मधुकररावांनी त्याच्या दंडावर हात ठेवला, तो त्यानं बाजूला केला. "त्यात होते तिचे फोटो, म्हणून दुरुस्तीले नेलता. दुकानदारानं चालू केला अन् टिंग वाजलं. तुमची सूचना मिळाली, धन्यवाद. मी दाबलं तं माय बोलाले लागली. भर बाजारात, तिथंच. माह्याच डेपोविरुद्ध."

"मग?"

"मग मी भेलो. हे वर आलं का आमचे मधुकरराव साहेब म्हणतीन, तुह्याच घरातून हे निघालं. म्हणून मीच पयले जाऊन त्यायले ऐकवलं, का माह्या मनात काही नाई. मले वाटलं, हे शिव्या देतीन. तं हे हसले. म्हणे, मेलेल्या बाईची सूचना? याच्याहून चांगलं काय पायजे? अन् मी..." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी होय म्हणलं."

मधुकरराव उठले. "नोकराच्या बोलण्यावर मी उत्तर देणार नाही. माझा वकील देईल."

"जरूर द्या," वानखेडे साहेब म्हणाले. "सूचनापेटी सगळ्यांसाठी उघडी आहे. आणि या खोलीत आत्ता जे बोलला, ते कार्यवृत्तात येईल."

दार लागलं. अश्विन तिथेच बसून राहिला. सोनिका कालपासून त्याच्यावर धुमसत होती. ती उठली आणि काही न बोलता पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवून खुर्चीवर परत बसली.

"मॅडम," त्यानं खाली मान घालूनच विचारलं, "तिची सूचना धरणार का तुम्ही?"

मायानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढला.

"बोलल्या तेव्हा त्या हयात होत्या," ते म्हणाले. "पोचवायला उशीर आमच्या यंत्रणेनं केला. धरावीच लागेल."

६

मायाला त्यानंतरही झोप लागली नाही. एका बाईचं बोलणं महिनोन्‌महिने फोनमध्ये पडून राहिलं, ते केवळ योगायोगानं कोणी फोन दुरुस्तीला नेला म्हणून कळलं. त्या ढिगाच्या आडोशाला एकटं वाडीभस्म्यांचंच घर नव्हतं, आणि नेटचा रिचार्ज नसलेले फोन गल्लीबाहेर नेले तरी बोलणं अडकूनच राहणार होतं.

सकाळी तिनं वानखेडे साहेबांकडे मुदतवाढ मागितली. त्यांनी कुरकुर केली आणि आठवडाभराची दिली. "पण तिथे जाऊन लोकांना काय बोलायचं ते शिकवू नका," ते म्हणाले. मायानं सांगितलं, "शिकवायला नाही जात. फक्त दार उघडायला जाते."

दुसऱ्या दिवशी ती, सोनिका आणि ऋषिकेश कन्हानच्या त्या टोकाच्या गल्लीत पोचले. ऋषिकेशनं एका पत्र्यावर चढून उंच बांबूला नेटचा डबा बांधला, दोनदा घसरला, शिव्या घातल्या आणि खाली उतरला. सोनिका दारोदार जाऊन सांगत होती, "फोन घेऊन या वं माय, फक्त घेऊन या. बंद असन तं चार्ज करून देतो."

लोक आले. बायका, बाप्ये, एक आजोबा औषधाच्या पिशवीत फोन घालून. अश्विनही आला होता. त्याच्या खिशाला ओळखपत्र नव्हतं, आणि कोणी विचारलं नाही. तो वायर सोडवत होता आणि म्हाताऱ्यांचे फोन चार्जिंगला लावत होता.

"चालू करू?" ऋषिकेशनं विचारलं.

माया हो म्हणाली. बराच वेळ काहीच झालं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. सोनिकानं नखं खाल्ली. मायाला वाटलं, चुकलं आपलं, उगाच एवढ्या लोकांना कामधंदा सोडून उभं केलं.

मग सिंधूताई नावाच्या एका बाईच्या पदराच्या गाठीतून टिंग वाजलं. ती दचकली. तिच्या शेजारच्या माणसाच्या खिशात वाजलं. पिशवीतल्या फोनमध्ये वाजलं. पाठोपाठ गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फोन वाजत सुटले, आणि लोक आपापले फोन कानाला लावून, कपाळाला आठ्या घालून, आपणच कधीकाळी बोललेलं ऐकत उभे राहिले.

"हे मी पावसाळ्यात बोललो होतो!" आजोबा ओरडले. "गेलंच नव्हतं का ते?"

"नव्हतं गेलं, बाबा," माया म्हणाली. "आत्ता गेलं."

रुपराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्याकडे फोन नव्हता. अश्विन त्यांच्यापाशी जाऊन उकिडवा बसला आणि त्यानं स्वतःचा फोन काढला. अ‍ॅप उघडलं, लाल गोळ्यावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"बोल गा," रुपराव म्हणाले.

अश्विननं घसा साफ केला. "मी अश्विन रुपराव वाडीभस्मे," तो म्हणाला, आणि गल्लीतल्या गलक्यात आपला आवाज ऐकू जावा म्हणून त्यानं फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला. "मी डेपोत कामाले होतो. ट्रक कवा सुटते, कुठून जाते, ते मले माहीत हाय. लिहून घ्या."